हारवतं कोनाले?

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की हा प्रश्न ठरलेला. रात्री दहानंतर शेतीची लाईन येते, मोटर सुरू होते, स्प्रिंकलर फिरायला लागतात आणि तीन-साडेतीन तासांनी पाईप बदलेपर्यंत हाताला काम नसतं. झोपावं तर रानडुकरं येतात. मग मी कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, बाजेवर चुंगडं अंथरतो, बॅटरी खुंटीला अडकवतो आणि पत्ते मांडतो. आमचा धुरेकरी, म्हणजे शेजारच्या वावराचा शेतकरी, जागलीवर जाता जाता वाकून बघतो. "काय गा भाऊ, एकटाच पत्ते कुटून राह्यला? हारवतं कोनाले?"

आमच्या आर्वीकडच्या गावांत पत्ते म्हणजे पोळ्याच्या आसपासचा जुगार, नाहीतर लग्नघरातली रमी. पैसा नाही, समोर गडी नाही, असल्या खेळाला काय म्हणावं ते कोणाला कळत नाही. परवा तुम्हीही विचारलंत, हा एकट्यानं खेळायचा कसला खेळ, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा सॉलिटेअर. १९९० साली मायक्रोसॉफ्टनं तो विंडोज ३.० या कॉम्प्युटर प्रणालीसोबत दिला. मी तो वर्ध्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकलो. शिकलो म्हणजे काय, चुकीचा पत्ता ठेवला की मशीनच तो परत पाठवायचं, त्यामुळे नियम डोक्यात कधी उतरलेच नाहीत. खरा कॅट घेऊन बसलो तेव्हा शिक्षण सुरू झालं.

बदाम सात येत असेल तर निम्मा खेळ आलाच. सात ओळी मांडायच्या. पहिलीत एक पत्ता, दुसरीत दोन, असं करत सातवीत सात. प्रत्येक ओळीतला शेवटचा पत्ता उताणा, बाकी पालथे. यात २८ पत्ते जातात, हातात २४ उरतात. ओळीत उतरता क्रम, एकदा काळा, एकदा लाल. म्हणजे चौकटच्या नव्वीवर इस्पिकची अठ्ठी चालते, बदामाची नाही. रिकाम्या जागी फक्त राजा बसतो. हातातले पत्ते तीन-तीन काढायचे आणि त्यातला वरचाच वापरायचा. एक्के सापडतील तसे वर ठेवून इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असा प्रत्येक रंग एक्क्यापासून राजापर्यंत चढवला की डाव सुटला.

मला सगळ्यात उशिरा काय कळलं असेल, तर समोर दिसणारी चाल सोडायची. राजा हाताशी नसताना ओळ रिकामी केली तर ती नुसती पडून राहते, बिनपेरलेल्या वावरासारखी. दोन लाल सत्त्यांपैकी एकच हलवता येत असेल, तर जिच्याखाली जास्त पत्ते पालथे आहेत ती आधी. आणि खालचा पत्ता हळूच उचलून पाहायचा मोह होतो. पाहिलाय, नाही म्हणत नाही.

मागच्या हिवाळ्यात सलग चाळीस डाव अडले. मी कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारत होतो, म्हणून आकडा पक्का आहे. १९४६ मध्ये उलाम नावाचा गणिती आजारातून उठताना असाच एकट्यानं पत्ते खेळत बसला होता. त्याची मांडणी वेगळी होती, पण प्रश्न माझाच, की असे किती डाव सुटतात? गणितानं ते काढणं फार किचकट. त्याला वाटलं, त्यापेक्षा शंभर डाव मांडावे आणि सुटलेले मोजावे. त्यातूनच पुढे शास्त्रज्ञांची माँटे कार्लो पद्धत निघाली. त्या पद्धतीनं माझं उत्तर येत होतं शून्य.

मग एका रात्री हातातल्या पत्त्यांच्या पहिल्या फेरीत एकही पत्ता कुठं लागला नाही. तीन, तीन, तीन करत शेवटाला आलो, तर बोटांत दोनच. चोवीसला तिनानं पूर्ण भाग जातो, दोन उरतील कसे? सगळे पत्ते चुंगड्यावर पसरून रंगवार लावले. किलवरची पंजी नव्हती.

बाजेखाली पाहिलं, गव्हाणीत पाहिलं, पोरांवर ओरडलो. चार दिवसांनी सापडली. स्टार्टरच्या पेटीचं झाकण वाजत होतं, म्हणून फटीत चार घड्या घालून खोचली होती. कोणी? मीच, दिवाळीच्या सुमारास. घडीमुळे ती आता पालथीही ओळखू येते, म्हणून जोकरवर पेनानं 'कि ५' लिहिलं आणि पंजी म्हणून तोच चालवतो. जोकरची टोपी मात्र दिसतेच.

काल धुरेकरी पुन्हा आला. हारवण्याचं विचारलं नाही, बाजेच्या काठावर टेकला. "थे बदाम राणी त्या काळ्या राजावर टाक नं." म्हटलं, दिसली आहे, थांबलोय. त्याला थांबवेना, त्यानंच टाकली. मी पाईप बदलायला गेलो. चिखलाचे पाय घेऊन परत आलो, तर हा पठ्ठ्या बॅटरी हातात धरून सहाव्या ओळीवर वाकलेला.

"जराशीक पाहू का खालची?" म्हणाला. "कोन पाह्यते इथं?"