छतावरचा रस्ता

सध्या मी फोटोंच्या ज्या मालिकेवर काम करतो, तिच्यात खोलीच कॅमेरा असते. खिडकी काळ्या प्लास्टिकने पक्की बंद करायची, मधे एक भोक ठेवायचं, की बाहेरचा देखावा समोरच्या भिंतीवर उलटा उमटतो. भोकातून येणाऱ्या अशा प्रकाशाचा बारकाईने अभ्यास इब्न अल-हैथम या विद्वानाने अकराव्या शतकात केला होता. 1991 मध्ये छायाचित्रकार आबेलार्दो मोरेल यांनी स्वतःच्या झोपायच्या खोलीत समोरची घरं उतरवली आणि त्या उजेडाचे फोटो काढायला सुरुवात केली. त्यांच्या फिल्मला एकेका फोटोसाठी कित्येक तास लागत. आता डिजिटल कॅमेऱ्याने तेच काम मिनिटांत होतं.

त्या दिवशी खोली होती दीर्घ उपचारांच्या एका रुग्णालयातली, दुसऱ्या मजल्यावरची. पलंगावर एक आजोबा होते. पाठीच्या दुखापतीमुळे ते उताणेच असत. पाय खिडकीकडे, पण खिडकीतून त्यांना दिसायचं ते फक्त आभाळ. त्यांनी आणि घरच्यांनी आनंदाने होकार दिला होता.

आधी आठ मिलिमीटरचं भोक ठेवलं. चित्र रेखीव, पण फार मंद. मग ते पंधरापर्यंत वाढवलं. भोक मोठं केलं की उजेड वाढतो आणि कडा पुसट होतात. मला पुसट कडा चालतात. ऊन खिडकीवर नको, समोरच्या देखाव्यावर हवं, म्हणून वेळ साधून आलो होतो. अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. सिस्टर, मी आणि आजोबा गप्प थांबलो.

समोरच्या भिंतीवर झाडं आणि इमारती उलट्या लटकल्या. मी तिकडे तोंड करून कॅमेरा लावत होतो, तेवढ्यात आजोबा म्हणाले, "अहो, सायकलवाला चालला बघा. सरळ चाललाय!"

मी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरून रस्ता खाली असतो, त्यामुळे त्याचा उजेड भोकातून तिरका वर चढून छतावर पडतो. चाकांचा उजेड जास्त तिरका, म्हणून चाकं खिडकीजवळ आणि सायकलवाल्याचं डोकं खोलीच्या आत. पाय खिडकीकडे करून उताणं पडलेल्या माणसाला हे चित्र सरळ दिसतं! फक्त डावं-उजवं बदलतं. दुकानाची पाटी आरशातल्यासारखी उलटी. इतक्या खोल्या अंधाऱ्या केल्या, पण छताकडे पलंगावरून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी सरळ पलंगाशेजारी जमिनीवर आडवा झालो.

फोटो काढला तो आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 400 वर, दीड मिनिटाचा. देखणा आला. स्क्रीन आजोबांपुढे धरली, तर ते म्हणाले, "माणसं कुठे गेली?"

प्रश्न अगदी रास्त होता. लांब एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेरा बराच वेळ उजेड घेत राहतो तेव्हा, चालणारी माणसं उरत नाहीत. 1838 मध्ये फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेर यांनी पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला, त्यातही ठळक उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस. हे आजोबांना सांगितलं, ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "पण मला माणसंच बघायची आहेत," ते म्हणाले.

मग आयएसओ 6400, लेन्स पूर्ण उघडी, एक सेकंद. फोटो दाणेदार आला, माणसं जराशी फरपटलेली, पण होती. एका बाईच्या हातातली पिशवीसुद्धा ओळखू येत होती. मालिकेत मी हाच ठेवला. तांत्रिक सफाईत पहिला सरस आहे, तरी त्या खोलीचा खरा फोटो हाच, असं मला ठामपणे वाटतं.

सिस्टरांनी विचारलं, हे रोज करता येईल का? मी प्लास्टिक काढून तेच एका पुठ्ठ्याच्या चौकटीवर चिकटवलं, म्हणजे हवं तेव्हा खिडकीत बसवता येईल आणि काढताही येईल. आजोबांनी लगेच वेळ ठरवून टाकली. "शाळा सुटते तेव्हा लावा. सकाळी नुसत्या गाड्या असतात."