घरबसल्या रिंग: दहापैकी चार अंक झाले

जर्मन संगीतकार वाग्नरची ‘रिंग’ ही ऑपेरामाला या पावसाळ्यात संपवायचीच, असं ठरवून बसले आहे. नावाला चार ऑपेरे, पण अंक मोजले तर दहा: पहिल्यात एकच, पुढच्या तिघांत तीन-तीन. पंधराएक तासांचा ऐवज. आधीच्या दोन खेपांना मी सगळं एका आठवड्यात उरकायला गेले आणि दोन्ही वेळा अर्ध्यात सोडलं. म्हणून या वेळी नेम केला, एका बैठकीला एकच अंक. ‘राइनगोल्ड’ आणि अख्खी ‘वाल्क्यूरे’ झाली.

प्रयोग निवडायला वेळ लागला नाही. पॅट्रिस शेरोचं दिग्दर्शन, पिएर बुलेझचं वाद्यवृंद-संचालन, जर्मनीतलं बायरॉइटचं नाट्यगृह. संपूर्ण रिंग पहिल्यांदा 1876 साली त्याच नाट्यगृहात झाली होती. तिच्या शताब्दीला, 1976 मध्ये, एकतीस वर्षांच्या फ्रेंच शेरोने देवांना कोट चढवले आणि ऱ्हाइन नदीच्या जागी धरण उभं केलं. लोकांनी हुर्यो उडवली. तोच प्रयोग 1980 मध्ये शेवटचा झाला तेव्हा टाळ्या तासाभराहून जास्त चालल्या. चित्रीकरण 1979 आणि 1980 चं, ब्रायन लार्जने केलेलं, तेही रिकाम्या प्रेक्षागृहात. गंमत म्हणजे शेवटचा भाग सर्वांत आधी चित्रित झाला.

राइनगोल्ड. सुरुवातीलाच फजिती. पडद्यावर अंधार आणि आवाज काहीच नाही. मी आवाज वाढवला, वायर काढून पुन्हा खोचली, तेवढ्यात ‘बसून’ नावाची सुषिर वाद्यं ऐकू यायला लागली. म्हणजे संगीत सुरू होतंच, टीव्हीच्या स्पीकरला ते पेलत नव्हतं! डबल बेस ही खर्जातली मोठी तंतुवाद्यं जो ई-फ्लॅट धरतात तो साधारण 39 हर्ट्झचा. या वाद्याची सगळ्यात खालची तारही तिथवर उतरत नाही, म्हणून निम्म्या वादकांना ती उतरवून घ्यावी लागते. चपट्या टीव्हीकडून तो सूर कुठून निघणार? हेडफोन लावून परत पहिल्यापासून. आता खर्जातला षड्ज, मग ‘बसून’ वाद्यांचा पंचम, मग आठ हॉर्न एकामागून एक. 136 मात्राखंड तोच एक स्वरमेळ, दुसरीकडे कुठेही जाणं नाही. तानपुरा जुळवताना ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला इथे कंटाळा येण्याचं कारणच नाही. वाग्नरच्या भक्तांना हे चार मिनिटांचं धाडस वाटतं. आपल्याकडे गवई अजून बसतोय.

बाकी अंक झरझर गेला. हाइन्झ झेडनिकचा लोगे, म्हणजे अग्निदेव, फार आवडला: कुबड काढलेला, लबाड, सतत हात चोळणारा. पाताळात उतरतानाच्या 18 ऐरणी मात्र हेडफोनमध्ये कानठळ्या बसवतात, आवाज आधीच कमी करून ठेवा.

वाल्क्यूरे, अंक पहिला. इथे कॅमेऱ्याचे उपकार मान्य. झिगलिंडे दमून पडलेल्या अनोळखी माणसाला, झिगमुंडला, पाणी देते, तो पितो, आणि कोणी काही गात नाही. एकटा चेलो बोलतो. पेटर हॉफमन आणि जेनिन आल्टमायर नुसते एकमेकांकडे बघतात. नाट्यगृहात मागच्या रांगेतून हे बघणं दिसलं असतं का, शंकाच आहे. मग तिचा नवरा हुंडिंग येतो तो एकटा नाही, आपली माणसं घेऊन येतो. माटी साल्मिनेन दारात उभा राहिला की घर लहान होतं.

अंक दुसरा. ही नोंद खरं तर या अंकासाठीच लिहिते आहे. मागच्या दोन्ही खेपांना मी इथेच झोपले होते. झिगलिंडे नवऱ्याला सोडून झिगमुंडबरोबर पळालेली, म्हणून फ्रिका येऊन आपल्या नवऱ्याला, देवांचा राजा वोटानला, विवाहाच्या शपथेची आठवण देते, झिगमुंडला मरू द्यायचं कबूल करून घेते, भांडण जिंकून निघून जाते, आणि मग वोटान ब्रुनहिल्डे या मुलीपुढे आपली सगळी हकीकत सांगतो. वीसएक मिनिटं. तीही बरीचशी पुटपुटत, खाली बेसची घरघर. नुसतं ऐकायचं म्हटलं तर झोपेचं औषध.

फ्रिकाच्या प्रवेशाला आई शेजारी येऊन बसली होती, भेंडी चिरत. “ही देवांची राणी का गं? मग कोट घालून काय बसलेत?” मी थोडक्यात कथा सांगितली. तिने फ्रिका झालेल्या हाना श्वार्झचा चेहरा जरा वेळ न्याहाळला आणि निकाल दिला, “तिचंच बरोबर आहे. तो नुसता शब्दांत पकडला गेलाय.” आणि भेंडी घेऊन आत गेली. मी वाचलेल्या लेखांपेक्षा हे बरं होतं.

त्यानंतर एक मोठा आरसा, आणि मध्यभागी लंबक, सतत झुलणारा. वोटान झालेला डॉनल्ड मॅकिन्टायर आरशासमोर उभा राहून बोलू लागतो आणि हे भाषण नाहीच हे लक्षात येतं. मुलगी आहे म्हणून तिच्याशी, खरं तर स्वतःशी. स्वतःच घातलेल्या करारांत अडकलेला माणूस आरशात बघून हिशेब मांडतोय, हे डोळ्यांना दिसत असलं की तीच पुटपुट कानाला धरून ठेवते. शेवटी तो म्हणतो, आता एकच हवं, ‘दास एन्दे’, शेवट. हे दोनदा येतं, एकदा जोरात आणि एकदा अगदी दबक्या आवाजात. लंबक थांबतो. उपशीर्षकांची गरजच पडली नाही.

नेमकी तेव्हा वीज गेली. परत आल्यावर प्लेअरने अंक पहिल्यापासून लावला, आणि मेन्यूत ती वाल्क्यूरींची, म्हणजे वोटानच्या घोडेस्वार मुलींची, दौड पुन्हा पुन्हा. जागा शोधण्यात दहा मिनिटं. तुमच्याकडे डिस्क असेल तर प्रत्येक प्रवेशाचा क्रमांक वहीत टिपून ठेवा.

पुढे झिगमुंड पडतो तेव्हा वोटान धावत येऊन त्याला मिठीत घेतो. ज्याला मरू द्यायचं कबूल केलं तोच आपला मुलगा, आणि त्याला जाताजाता कळतं की हा बाप. वाग्नरच्या संहितेत ही मिठी नाही, शेरोची आहे. मी थांबवून तेवढंच पुन्हा बघितलं.

अंक तिसरा. दौड सगळ्यांच्या पाठ असल्यामुळे निम्मं लक्ष खडकाकडे. रिचर्ड पेदुझीचं नेपथ्य बघताना ब्योक्लिनचं ‘मृतांचं बेट’ हे चित्र आठवलं. इथे कॅमेऱ्यावर राग आला: ब्रुनहिल्डे झालेली ग्वेनेथ जोन्स बापाची विनवणी करतेय, मला त्या वेळी त्याची पाठ बघायची आहे, आणि लार्ज मला तिची हनुवटी दाखवतो. थिएटरात मान कुठे वळवायची हे आपल्या हातात असतं. निरोपाच्या गाण्याला मात्र तक्रार नाही. शेवटी आग, मग काळोख. टाळी नाही, खोकला नाही. संगीत नाटकांच्या वन्समोअरवर वाढलेल्या कानांना ही शांतता जरा बोचली.

सहज वर्षं ताडून बघितली: पहिली पूर्ण रिंग 1876, आणि पुण्यात शाकुंतलाचा पहिला प्रयोग 31 ऑक्टोबर 1880. अण्णासाहेब किर्लोस्करांनीही त्या दिवशी सातपैकी चारच अंक केले होते, तेव्हा मलाही घाई नाही.

‘झिगफ्रीड’चा पहिला अंक येत्या शनिवारी. शेरोने त्यात तलवार घडवायला यांत्रिक घण आणलाय आणि तो स्पीकरवरच ऐकायचा आहे, म्हणून वेळ दुपारी चारची ठेवली आहे. खालच्या मजल्यावरचं बाळ तोवर उठलेलं असतं.