‘मसलत’ म्हणजे ‘सल्ला’?

नववीला मराठीच्या तासाला आम्ही एका ऐतिहासिक कादंबरीतला उतारा घेतो. काळ पेशवाईचा, पानिपताच्या थोडा आधीचा. उतारा वाचून झाला की मी मुलांना जोड्या लावायचा कागद देते. ‘अ’ गटात उताऱ्यातले दहा शब्द, ‘ब’ गटात त्यांचे समानार्थी शब्द, क्रम बदललेला. खलिता, कूच, बेगमी, रसद, वकील, गोट, बारगीर, बुणगे, शिकस्त आणि मसलत. कागद मीच तयार केलेला आणि उत्तरंही माझीच. बरीच वर्षं तोच चालला होता.

असा कागद तपासायला वेळ लागत नाही. नजर रेघांवरून फिरवायची आणि गुण लिहायचे. त्या दिवशी मोकळ्या तासाला गठ्ठा घेऊन बसले होते. एका मुलीच्या कागदावर नऊ रेघा होत्या, सगळ्या पट्टीने ओढलेल्या, सगळ्या बरोबर. दहावी रेघ नव्हतीच. मी वर ‘९’ लिहिले, पुढचा कागद उचलला आणि तिथेच थांबले.

जोड्यांमध्ये दहापैकी नऊ सहसा येत नाहीत. एक रेघ चुकीच्या जागी गेली की तिने दुसऱ्या शब्दाची जागा अडवलेली असते, त्यामुळे चुका निदान दोन तरी होतात. नऊ बरोबर आले म्हणजे दहावी जोडी मुलाने मुद्दाम सोडली किंवा तो विसरला. मी कागद परत घेतला. ‘अ’ गटात ‘मसलत’ हा एकच शब्द उरला होता आणि ‘ब’ गटात ‘सल्ला’ हा एकच. डोळे मिटून रेघ ओढली असती तरी गुण मिळाला असता. अर्थ माहीत असायचीही गरज नव्हती. नीट पाहिले तेव्हा ‘मसलत’च्या शेजारी पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात लिहिलेले दिसले: ‘वाक्यात बसत नाही.’

पुढच्या तासाला मी तिला विचारले, “हे काय लिहिलंयस गं?”

ती घाबरली असावी. पण पुस्तक हातातच होते. म्हणाली, “बाई, मी घालून बघितला.” आणि तिने वाक्य वाचून दाखवले. उताऱ्यात एक सरदार विचारतो की उत्तरेची मसलत अर्ध्यावर टाकून माघारी कसे फिरायचे. तिने ‘मसलत’च्या जागी माझे उत्तर ठेवून पुन्हा वाचले, “उत्तरेचा सल्ला अर्ध्यावर टाकून. बाई, सल्ला अर्ध्यावर कसा टाकणार?”

वर्ग शांत होता. हा उतारा मी कितीतरी तुकड्यांना शिकवला होता. हे वाक्य मोठ्याने, आवाज चढवून वाचले होते. प्रत्येक वेळी मला त्याचा अर्थ कळत होता आणि कागदावर मात्र मी दुसराच अर्थ लिहीत होते. ‘मसलत म्हणजे सल्ला’ हे मी शाळेत असताना पाठ केले होते, आणि पाठ केलेल्या गोष्टीला आपण पुन्हा हात लावत नाही. तिने लावला.

ठरवलेला पाठ मी बाजूला ठेवला. दहाही शब्द फळ्यावर लिहिले आणि मुलांना सांगितले की ‘ब’ गटातला शब्द उताऱ्यातल्या वाक्यात घालायचा, मोठ्याने वाचायचा आणि कानाला विचारायचे.

‘खलिता’च्या जागी ‘पत्र’ आरामात बसले. ‘शिकस्त’च्या जागी ‘पराभव’ही बसला. पण एकाने लगेच विचारले की मग ‘प्रयत्नांची शिकस्त’ कुठून आली? तिथे पराभव घालून पाहा. एकच शब्द एका ठिकाणी हार सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी पराकाष्ठा. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, मी सांगण्याआधीच.

सगळ्यात जास्त वेळ ‘बेगमी’ आणि ‘रसद’ यांनी घेतला. एका मुलाने ‘बेगमी’ची रेघ ‘तरतूद’कडे न नेता ‘पुरवठा’कडे नेली होती, आणि अर्थातच ‘रसद’ ‘तरतूद’ला जोडली होती. त्याचे म्हणणे, दोन्ही म्हणजे खायचेच ना, मग उलटे केले तर काय बिघडले? प्रश्न रास्त होता. दोन्ही शब्द वाक्यात घालून पाहिले तर दोन्ही वाक्ये चालत होती, कान काही तक्रार करत नव्हता. तेव्हा मी फळ्यावर पानिपत आणि दिल्ली असे दोन ठिपके काढले आणि मध्ये एक रेघ. भाऊसाहेबांची छावणी इथे, पानिपताला. धान्य, पैसा यायची वाट ही. अब्दाली यमुना ओलांडून अलीकडे आला आणि याच वाटेवर बसला. वाट तुटली म्हणजे काय तुटले? “रसद,” दोन-तीन आवाज आले. आणि वाट तुटल्यावर छावणी जगली कशावर? जवळ साठवले होते त्यावर. ते म्हणजे बेगमी. रसद वाटेवर असते, बेगमी कोठारात असते. रसद तुटते, बेगमी सरते. दोन्ही झाले तेव्हा १४ जानेवारी १७६१ उजाडला आणि उपाशी फौज लढाईला बाहेर पडली.

तो मुलगा जागेवरच उभा होता. म्हणाला, “आणि बुणगे खाणारे होते.” लढाई न करणारे, फौजेबरोबर चालणारे लोक: यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर, बायकामुले. माझ्या कागदावर बुणग्यांपुढे ‘बिनलढाऊ लोक’ एवढेच होते. त्याने तीन शब्द एका वाटेवर आणून ठेवले होते. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो पूर्ण गुणांचे पन्नास कागद पाहूनही होत नाही.

‘बारगीर’शी मात्र मला मुलांपुढे चूक कबूल करावी लागली. उत्तर होते ‘घोडेस्वार’. चुकीचे नाही, पण घोडा कुणाचा हे त्यात येत नाही, आणि या शब्दाचा जीवच तिथे आहे. बारगिराला घोडा सरकार देई. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. लढाईत घोडा मेला तर नुकसान कुणाचे, हा फरक दोघांच्या आयुष्याचा फरक होता. दोघांनाही ‘घोडेस्वार’ म्हटले की तो पुसला जातो.

‘वकील’ सगळ्यांचा बरोबर आला होता. मी विचारले, कसा ओळखलात? बाकी सगळे लावून उरला तो ‘राजदूत’ला जोडला, असे बहुतेकांनी सांगून टाकले. काळा कोट सोडून वकिलाचे दुसरे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. दुसऱ्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील, हे सांगितल्यावर दोन्ही अर्थ आपोआप जवळ आले.

त्या संध्याकाळी मी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश काढून बसले. १९३२ ते १९३८ या वर्षांत निघालेले हे खंड मी एरवी शुद्धलेखनाच्या शंकेपुरतेच उघडत होते. ‘मसलत’ सल्ल्यापाशी थांबत नाही. खलबत, बेत, राजकारण असा शब्द पुढे सरकत जातो. पेशव्यांच्या काळातल्या पत्रांत तर मसलत म्हणजे हाती घेतलेले मोठे काम, मोहीमच. आधी बसून ठरवायचे, मग ठरवलेले पार पाडायला निघायचे. या सगळ्या वाटचालीला तो एक शब्द पुरत होता. आणि ज्या ‘सल्ला’ शब्दावर मी एवढा विश्वास टाकला होता, तोही स्थिर नाही. बखरी वाचणाऱ्यांना माहीत आहे, तिथे ‘सला करणे’ म्हणजे तह करणे. म्हणजे त्या सरदाराच्या काळात नेऊन ठेवले तर माझे उत्तर जवळजवळ उलट्या टोकाला जात होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितले की शब्दांच्या अशा जोड्या खुद्द शिवाजी महाराजांनी लावून घेतल्या होत्या. राज्यव्यवहारकोश हे त्याचे नाव. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, दहा वर्गांत लावलेले. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा प्रधानांची नावेही अशीच बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती, पेशव्याचा पंतप्रधान. फळ्यावर दोन रकाने लिहिल्यावर तो आमच्याच कागदासारखा दिसू लागला.

बघता बघता एक मुलगी म्हणाली, “पण बाई, नाव बदललं तर मग पेशवाई कशी म्हणतात? पंतप्रधानकी का नाही?”

खरेच आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ होते आणि लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. उलट ‘सेनापती’ने ‘सरनौबत’ला पार मागे टाकले. मुजुमदार आणि डबीर पद गेल्यावर आडनावांत जाऊन राहिले. आणि तो ‘पंतप्रधान’ इतकी वर्षे थांबून आज रोजच्या बातम्यांत आहे. राजाने जोडी लावली, पण कुठली ठेवायची हे बोलणाऱ्यांनी ठरवले. मुलांनी यावर बरेच वाद घातले आणि तास संपल्याची घंटा झाली तरी ते उठले नाहीत.

कागद आता बदलला आहे. ‘अ’ गटात सुटा शब्द नसतो, उताऱ्यातले वाक्य असते आणि शब्दाखाली रेघ. ‘ब’ गटात दोन शब्द जास्तीचे ठेवते, म्हणजे शेवटची जोडी फुकट मिळत नाही. तपासायला वेळ जास्त लागतो.

त्या मुलीचा जुना कागद मी परत दिला तेव्हा ‘९’ खोडून ‘१०’ केले होते. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “पण बाई, रेघ तर नाहीच आहे. कुठे ओढू?”

मी तिच्या हातून पेन्सिल घेतली आणि ‘ब’ गटाच्या खाली, ‘सल्ला’ तसाच ठेवून, ‘मोहीम’ लिहिले. तिने कंपासपेटीतून पट्टी काढली.