पक्ष, साध्य, सिद्धता

भूमितीच्या तासाला सर आधी फळ्यावर 'पक्ष' आणि 'साध्य' लिहून घेत. त्याशिवाय सिद्धतेला हात घातला की उत्तर बरोबर असूनही गुण कापत. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर त्यांनी दोनशे पानी वहीत तसंच लिहिलं. पक्ष: आजार बरा होणार नाही. साध्य: वेदना नको, शेवट घरीच, डोळे दान. अंबाजोगाईला भेटायला येणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या हातात ते ही वही देत. "बारीक वाच रे लेकरा. हे पेपरला येतंच."

सर्वाधिक पानं वेदनेची. सर दुखण्यालाही ० ते १० गुण देत, वेळेसकट. डॉक्टरांना मात्रा ठरवायला तेच उपयोगी पडतं. मॉर्फिनची साधी गोळी दर ४ तासांनी, घड्याळ बघून घ्यायची. दुखेपर्यंत थांबलं तर वेदना पुढे निघून जाते आणि मग तिला आवरायला जास्त औषध लागतं. बद्धकोष्ठता होतेच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. सवय लागेल या भीतीनं नातेवाईकच गोळी राखून ठेवतात. सरांना या काटकसरीची चीड होती, आणि ती रास्तच होती.

कूस दर २ तासांनी बदलायची. एकट्यानं ओढलं तर कातडी घासते. दोघांनी चादरीसकट उचलायचं. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात पाहायच्या. लाल जागा बोटानं दाबून पांढरी होत नसेल तर जखमेची सुरुवात समजायची. तिथं चोळायचं नाही. भोकाची रबरी रिंग तर नकोच, तिच्या कडेनं भोवतीचा रक्तपुरवठा दबतो. हवेची गादी चांगली, पण पंप विजेवर चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे गादी आहे म्हणून घड्याळ विसरायचं नाही.

शेवटी भूक जाते. ती शरीराच्या थांबण्याचा भाग आहे; बळजबरीनं भरवलं तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. शुद्ध हरपल्यावर तोंडात गंगाजल ओतायचं नाही, तुळशीचं पान भिजवून ओठांना लावायचं, असं सरांनी काकूंना स्वतःच सांगून ठेवलं होतं. हे सांगायला घरातलंच माणूस लागतं, डॉक्टरांचं तिथं चालत नाही.

कागदपत्रांना एकच पान. इच्छापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, सही आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार लाभार्थी नसलेला बरा. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच. सातबारा आपोआप बदलत नाही, तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार करावा लागतो. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पेन्शनच्या आदेशात पत्नीचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे आहे ना, हे हयातीतच तपासायचं. एका अक्षराच्या फरकानं बाईमाणसाला ट्रेझरीचे खेटे पडतात.

नेत्रदानाच्या पानावर लाल शाईची चौकट आहे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यांवर ओला स्वच्छ कापूस, डोक्याखाली उशी. फोन नेत्रपेढीला लगेच. पुण्याहून लेक येईपर्यंत थांबू म्हणतात आणि वेळ निघून जाते. खरं तर काम साधारण अर्ध्या तासात घरीच होतं, चेहरा विद्रूप होत नाही, दर्शन नंतरही घेता येतं. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि नातेवाईकांची लेखी संमती लागते. म्हणून नुसता फॉर्म भरून कपाटात ठेवणं फुकट, घरच्यांना माहीत हवं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर डोळे घेत नाहीत. सरांचे चालले. दोन्ही बुबुळं घेऊन पथक गेलं तेव्हा लातूरचे पाहुणे अजून वाटेतच होते.

वहीची झेरॉक्स शाळेच्या कार्यालयात आहे. नेत्रपेढीच्या फोन नंबरची जागा त्यात मुद्दाम कोरी ठेवली आहे. ज्यानं-त्यानं आपल्या जिल्ह्याचा नंबर पेन्सिलनं भरावा आणि दर जूनमध्ये लावून पाहावा, कारण नंबर बदलतात.