आमची वाटचाल : फेअरमाँटचे काटेवाले

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात लिंकनहून पश्चिमेला रुळांच्या कडेकडेनं गाडी हाकली की गावं मुळाक्षरांच्या ओळीनं लागत जातात. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. 1871-72 मध्ये बर्लिंग्टन अँड मिसुरी रिव्हर रेलरोडनं हा मार्ग टाकला, तेव्हा स्टेशनांना एबीसीडीच्या क्रमानं नावं दिली. स्टेशन आधी, वस्ती नंतर. यातलं ‘एफ’चं फेअरमाँट हे आमचं गाव. पाचसहाशे माणसं, पाण्याची टाकी, धान्याचे उंच एलेव्हेटर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणारी कोठारं, आणि गावाला लागून जाणारा लोहमार्ग. इथंच आमचा वजनकाटे बसवण्याचा, दुरुस्तीचा आणि तपासणीचा व्यवसाय आहे.

काट्याचं काम माझ्याकडे वडिलांकडून आलं. लातूरच्या मार्केट यार्डाजवळ नानांचं काटेदुरुस्तीचं दुकान होतं. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात आडत्यांचे काटे बिघडले की हमाल, मापाडी, शेतकरी सगळे एकदमच नानांच्या दारात उभे राहायचे. काटा पासिंगला, म्हणजे सरकारी तपासणीला, न्यायच्या आधी नाना तो रात्रभर दुकानात ठेवायचे आणि सकाळी पुन्हा शून्य बघायचे. ही सवय मला शाळेत असतानाच लागली. पुढे शेती अभियांत्रिकी शिकायला नेब्रास्का विद्यापीठात, लिंकनला आलो. मग एका काटे कंपनीत नोकरी केली आणि त्या नोकरीत या पट्ट्यातली बहुतेक गावं पायाखालून गेली.

स्वतःचं काम सुरू करायचं ठरलं तेव्हा लिंकनलाच जागा घे, असं सगळ्यांनी सांगितलं. मी फेअरमाँट धरलं, कारण माल इथं आहे. उत्तर-दक्षिण 81 नंबरचा महामार्ग आणि पूर्व-पश्चिम 6 नंबरचा रस्ता इथं एकमेकांना छेदतात. सातआठ मैलांवर पूर्वेला एक्झिटर, तितक्याच अंतरावर पश्चिमेला ग्राफ्टन. शेतकऱ्यानं घोडागाडीत धान्य भरून आणावं, विकावं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, या बेतानं ही गावं वसली. आज घोडागाडी नाही, पण एलेव्हेटर जुन्याच ठिकाणी आहेत आणि प्रत्येकाच्या दारात एक भुईकाटा, म्हणजे अख्खा ट्रक तोलणारा काटा, आहे.

आमचं काम नेमकं काय, हे लातूरचे नातेवाईक नेहमी विचारतात. सत्तर फुटी काटा, त्याच्या पोलादी पाटाखाली आठदहा लोड सेल, म्हणजे भार मोजणारे संवेदक, जोडीजोडीनं बसवलेले. आमच्या ट्रकवर हजार हजार पौंडांची बिडाची वजनं असतात. त्यांचा खरेपणा लिंकनच्या सरकारी प्रयोगशाळेतून ठरावीक काळानं तपासून आणावा लागतो. ती वजनं क्रेननं उचलून आम्ही एकेका जोडीच्या डोक्यावर ठेवतो आणि आकडा बघतो. काट्याचं एक घर, म्हणजे त्यावर दिसणारा लहानात लहान फरक, वीस पौंडांचं. वापरातल्या काट्याला दहा हजार पौंडांवर वीस पौंडांच्याच चुकीची सूट आहे. इथं धान्य बुशेल या मापानं विकतात; मक्याचं बुशेल 56 पौंडांचं, सोयाबीनचं 60. एका ट्रकमध्ये साधारण नऊशे बुशेल मका येतो आणि हंगामात ट्रकांची रांग दिवसभर तुटत नाही. काटा थोडा जरी चुकला, तरी वर्षाची मेहनत कुणाच्या तरी खिशातून गळत राहते.

एका ऑक्टोबरात असंच झालं. भर कापणीत एका शेतकऱ्यानं तक्रार केली की घरच्या काट्याशी इथलं वजन जुळत नाही, कमी भरतंय. आम्ही वजनं ठेवून पाहिली. मधल्या जोड्या बरोबर, उत्तरेच्या टोकाला मात्र दहा हजारांना साठ पौंडांची तूट. वाकून बॅटरी मारली, तर पाट आणि काँक्रीटची भिंत यांच्या फटीत चिखल, मक्याचे दाणे आणि कणसांचे तुकडे ठासून बसले होते. पाट भिंतीला टेकला होता, म्हणजे थोडा भार भिंतच घेत होती. व्यवस्थापकानं तिथल्या तिथं काटा बंद केला. मागे ट्रकांची रांग लागली. तक्रार करणारा शेतकरीच पहार घेऊन माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि दोघांनी मिळून फट मोकळी केली. पुन्हा वजनं ठेवली, तूट गेली. आमचं बिल एलेव्हेटर भरतो, पण वजनाच्या पावतीवर शेतकऱ्याचा तेवढाच हक्क आहे. दोघांनाही एकच आकडा सांगायचा, ही आमची अट पहिल्या दिवसापासून आहे आणि याच अटीवर आम्हाला कामं मिळत गेली.

धंद्याचं रूप मात्र बदलत गेलं आणि ते रेल्वेनंच बदललं. पूर्वी गावोगावच्या साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, दोनपाच डबे लावून मालगाडी पुढे जायची. आता रेल्वेला एका जागी 110 डब्यांची अखंड गाडी भरून हवी असते. ते ज्यांना जमतं ते एलेव्हेटर वाढले. लहान एलेव्हेटर एकेक करून बंद झाले आणि त्यांचे काटेही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गावातला काटा म्हणजे शेतकऱ्यांची सकाळची बैठक असते, कॉफी असते, पावसापाण्याच्या गोष्टी असतात. दुसरीकडे 2007 पासून फेअरमाँटजवळ इथेनॉलचा कारखाना चालू आहे, त्यामुळे बराच मका रुळावर न चढता तिथं जातो. शेतकऱ्यांनीही घरी धान्य साठवायला मोठमोठे बिन बांधले. आम्ही या दोन्हींकडे वळलो. आज शेतावरच्या धान्यगाड्यांचे आणि गुरांच्या खाद्याचे काटे हे आमचं निम्म्याहून अधिक काम आहे. हिवाळ्यात पाटाखाली बर्फ धरतो, उंदीर केबल कुरतडतात, उन्हाळ्यात वीज पडून लोड सेल जळतात. त्यामुळे बारमाही हाक येते.

हिशेब, परवान्यांची मुदत आणि सुटे भाग हे सगळं सौ. बघते. तिनं दुकानात लोड सेलची शिल्लक अशी ठेवली आहे की रात्री फोन आला तर सकाळी गाडी निघते. हाताखाली याच गावातले दोन तरुण आहेत. शिकून शहरात जाण्याऐवजी इथं राहिले, याचा मला आनंद आहे. 1884 मध्ये याच गावात फेअरमाँट क्रीमरी ही दुग्धव्यवसायाची कंपनी सुरू झाली आणि देशभर पसरली. एवढ्याशा गावातून मोठं काम उभं राहतं हे इथल्या लोकांना सांगावं लागत नाही, म्हणून त्यांनी आम्हालाही सहज सामावून घेतलं.

दुकान रेल्वे फाटकापासून जवळ. इंजिन दोन लांब, एक आखूड, एक लांब असा भोंगा देतं, तेवढा वेळ आम्ही फोनवरचं बोलणं थांबवतो. गिऱ्हाईकही पलीकडे थांबतं. शिकागोहून निघणारी कॅलिफोर्निया झेफर ही प्रवासी गाडी रात्री न थांबता निघून जाते. या भागात तिचे थांबे लिंकन आणि हेस्टिंग्जला.

यंदा जास्त वजनं वाहणारा दुसरा ट्रक घेतला आहे. कापणी सप्टेंबरात सुरू होईल, त्याआधी ऑगस्टभर तपासणीची कामं शनिवारीही घेतो आहोत. ग्राफ्टन आणि हार्वर्डकडच्या शेतकऱ्यांनी एकत्र दिवस ठरवला, तर एकाच फेरीत सगळ्यांचे काटे होतील आणि फेरीचा खर्च वाटून जाईल.