आमची वाटचाल : कोरी चकती

लवंग, ओवा आणि दालचिनी यांचे अर्क काढून विकायचे, एवढ्या भांडवलावर आम्ही दोघांनी सुरुवात केली. खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांकडे नमुना घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : जंतू मरतात का? उत्तरादाखल आमच्याकडे एक फोटो होता. पेट्री डिशमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशीत, जिवाणूंचा दुधट थर, त्यावर अर्कात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती आणि तिच्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तोच छापला होता.

एका कारखान्यातल्या गुणवत्ता विभागाच्या बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "नुसत्या अल्कोहोलची चकती कुठंय?"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अर्क अल्कोहोलमध्येच काढलेला होता आणि चकत्या पुरत्या न वाळवता आम्हीच प्रयोगशाळेत दिल्या होत्या. पुन्हा चाचणी करून घेतली. कोऱ्या, फक्त अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या चकतीभोवतीही वर्तुळ उमटलं, आमच्यापेक्षा जेमतेम २ मिलिमीटरनं लहान! म्हणजे वर्तुळ बरंचसं अल्कोहोलचंच होतं. माहितीपत्रकांचा गठ्ठा रद्दीत गेला.

पुढची कमाई आधी निर्वात बाष्पीभवन यंत्रात घातली, म्हणजे कमी तापमानाला अल्कोहोल उडून जातं आणि अर्क करपत नाही. वर्तुळावर विसंबणंही सोडलं. लवंगेचं तेल पाणीदार अगारमध्ये, म्हणजे जंतू ज्यावर वाढवतात त्या जेलीसारख्या थरात, नीट पसरत नाही, त्यामुळे अर्क जोरदार असूनही वर्तुळ लहान दिसू शकतं. आता ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जंतू आणि त्यांच्या वाढीचं द्रवमाध्यम घालून अर्क दर खळग्याला निम्मा करत नेतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ दिसत नाही, ती किमान रोधक मात्रा. वाढ थांबली म्हणजे जंतू मेले असं नाही, हे ग्राहकाला समजावण्यात माझा निम्मा वेळ जातो. स्वच्छ खळग्यांतला थेंब ताज्या अगारवर टाकायचा; ९९.९ टक्के मेलेले असतील तरच ती मारक मात्रा.

अन्न बिघडवून आजार आणणाऱ्या जिवाणूंपैकी स्टॅफिलोकोकस ऑरियस तुलनेनं लवकर नमतो. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना बाहेरून एक जादा आवरण असतं, तिथं बरेच अर्क अडतात. बॅसिलस सेरियस या जिवाणूच्या बीजाणूंसाठी (त्याच्या टणक कवचातल्या सुप्त रूपांसाठी) कुणी अर्क मागितला तर आम्ही सरळ नाही म्हणतो. स्टॅफिलोकोकसनं अन्नात आधीच विष सोडलं असेल, तर नंतर जंतू मारून काही हाती लागत नाही. ते विष उकळूनही टिकतं.

खरी फजिती मात्र स्निग्ध पदार्थांनी केली. लवंगेतलं युजेनॉल आणि ओव्यातलं थायमॉल हे जंतूंवर चालणारे घटक स्निग्धांशात जाऊन बसतात, जंतूंच्या वाट्याला थोडंच उरतं. मग मात्रा वाढवायची, आणि वाढवली की चव हाताबाहेर. एका ग्राहकानं नमुना परत पाठवला, सोबत चिठ्ठी : "जंतू गेले असतील, पण गिऱ्हाईकही जाईल." तेव्हापासून चाचणी नुसत्या द्रवमाध्यमात न थांबवता ग्राहकाच्या पदार्थातच करून घेतो.

लसणाच्या नादी लागून एक वर्ष घालवलं. ठेचल्यावर तयार होणारं ॲलिसिन हे जंतुरोधक द्रव्य साठवणीत टिकेना. सोडून दिलं.

वनस्पती तीच असली तरी पीक बदललं की घटक बदलतात, म्हणून हल्ली प्रत्येक ड्रमसोबत युजेनॉल किंवा थायमॉलचं मोजलेलं प्रमाण जातं. "नैसर्गिक म्हणून सुरक्षित" हे वाक्य आमच्या कुठल्याही कागदावर सापडणार नाही.

सध्या लिस्टेरिया या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जिवाणूवर काम चालू आहे. हा फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्या ४ अंश सेल्सिअसला ठेवून दर आठवड्याला मोजणी होते. तिसरा आठवडा लागलाय. अर्क न घातलेली बाटली शेजारीच आहे.