तुम्ही विचारलंत म्हणून: छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असतंच ना?

कायद्यानं असायला हवं. प्रत्यक्षात बरीच पुस्तकं तिथे पोहोचतच नाहीत.

१९५४च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकानं स्वखर्चानं चार प्रती पाठवायच्या असतात: एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, उरलेल्या मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना. प्रतींतही फरक आहे. कोलकात्याची प्रत उत्तमातल्या कागदावरची, नकाशे-चित्रांसह पूर्ण आणि शिवलेली हवी. बाकी तिघांना विक्रीची नेहमीची प्रत चालते. काहीही न बदलता काढलेली दुसरी आवृत्ती पाठवावी लागत नाही, मात्र पहिली गेलेली असली पाहिजे. पोच लेखी मिळते, ती जपून ठेवा.

गाडी अडते ती दंडावर, कारण तो अगदीच किरकोळ आहे. पन्नास रुपयांपर्यंत दंड, शिवाय पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. चार पार्सलांचा खर्च याहून जास्त होऊ शकतो! त्यात स्वतःच पुस्तक काढणाऱ्यांचा एक ठाम गैरसमज: आयएसबीएन मिळाला म्हणजे सरकारदरबारी नोंद झाली. तो नुसता ओळख क्रमांक, त्याचा प्रती देण्याशी काही संबंध नाही. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तर प्रती पाठवण्याची जबाबदारीही त्याचीच.

१९५४ आधीची पुस्तकं शोधायची तर कोलकात्यापासून सुरुवात करूच नका. तिथली इम्पीरिअल लायब्ररी, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाचं आधीचं रूप, १९०३ मध्ये लोकांसाठी उघडली, पण देशभरातल्या प्रकाशकांनी तिला प्रती द्याव्यात असं बंधन नव्हतं. १८६७च्या कायद्याखाली छापखाने प्रती देत त्या प्रांतिक सरकारला. म्हणून आधी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं तिच्या पहिल्या खंडात आहेत, १९५० पर्यंतची दुसऱ्यात. एका माणसाचं असं काम दुसऱ्या भाषांनी हेवा करावा असं आहे. नाव, साल पक्कं झालं की ठाण्याचं १८९३चं आणि मुंबईचं १८९८चं मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा.

कोलकात्याच्या सूचीत शोधताना आणखी एक खोच. जुन्या नोंदी रोमन लिपीत असतील तर ‘ज्ञ’साठी ‘जे-एन’ टाका. आपण सवयीनं ‘डी-एन-वाय’ टाकतो आणि ज्ञानेश्वरीच नाही म्हणून परत फिरतो. शीर्षकानं नाही सापडलं तर नुसत्या आडनावानं बघा. तेही दोन-तीन स्पेलिंगांनी.